अण्णांची घरी जायची घाई

आमचं बेंगळुरूच्या शिवाजीनगरला भांड्यांचं दुकान होतं, म्हणून मला हे पक्कं ठाऊक आहे. डबे एकात एक बसतात, त्यामुळे घरात किती जमलेत ते कळत नाही. एक काढायला जावं तर आतून दुसरा निघतो, दुसऱ्याच्या आतून तिसरा. आमच्या रविवारच्या किश्शांचं तसंच झालंय. कुणी पाहुणं आलं आणि विनयनं "अक्का, ती कासवाची गोष्ट सांग" म्हटलं की कासवाच्या आतून बकरी निघते, बकरीच्या आतून हंस निघतो, आणि चहा गार होतो.

अक्का म्हणजे मी. घरात सगळे मला अक्का म्हणतात आणि आमच्या ह्यांना अण्णा. विनय आमचा मुलगा, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. मृणाल सून, पुण्याची. आणि रेवा नात. बनशंकरीच्या घरात वरचा मजला त्या तिघांचा, म्हणजे झोपायला वर आणि बाकी सगळ्याला खाली. हे मी सांगतेय आणि मृणाल फोनवर टाइप करतेय. मध्ये कुठं अडखळलं तर समजा, ती हसत होती.

हे प्राणी बघत हिंडायचं वेड कसं लागलं ते आधी सांगते. रेवाचं तिसरं वर्ष सरलं तरी ती बोलत नव्हती. ऐकायची सगळं. "रेवा, अण्णांचा चष्मा आण" म्हटलं की आणायची, वर फ्रॉकला पुसून द्यायची. पण तोंडातून शब्द नाही. बोट दाखवायचं, मान हलवायची, फारच घाई असली तर माझा पदर ओढायचा. डॉक्टरीणबाईंनी कान तपासले, घसा बघितला, म्हणाल्या, "सगळं छान आहे. बोलेल. फोन कमी करा आणि बाहेर न्या. प्राणी दाखवा, पक्षी दाखवा, तुम्ही तिच्याशी बोलत राहा."

झालं. बेंगळुरूच्या चारी बाजूंना जिथं म्हणून पाच कोंबड्या आणि एक ससा आहे, ती प्रत्येक जागा विनयनं फोनवर शोधून काढली. रविवार उजाडला की चपात्या लाटायच्या, डबा भरायचा आणि निघायचं.

नाखूश एकच माणूस. अण्णा. दुकान चालवायचे तेव्हाची त्यांची एक पद्धत होती. बंद करायची वेळ झाली की शटर अर्धं खाली ओढायचं, हात पाठीमागे बांधायचे आणि रेंगाळणाऱ्या गिऱ्हाइकाला अगदी शांतपणे विचारायचं, "झालं का? चला." दुकान कधीच बंद केलं, पद्धत तशीच राहिली. लग्नात म्हणू नका, देवळात म्हणू नका, जरा कुठं टेकलो की ह्यांचे हात पाठीमागे गेलेच.

"झालं का? चला घरी."

*

कासवाचं पहिल्यांदा सांगते, कारण ते पहिल्या रविवारी घडलं.

विमानतळाकडं जाणाऱ्या रस्त्याला एक शेत होतं. तिथं गवतात एक मोठं कासव, पाटावरवंट्यातल्या पाट्याएवढं. लहान मुलं त्याला गाजर भरवत होती. अण्णा बराच वेळ बघत उभे राहिले. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि बोटाच्या पेरानं कासवाच्या पाठीवर टक टक केलं. कान जवळ नेला. पुन्हा टक टक.

आता ज्यानं सगळं आयुष्य घागरी आणि पातेली ठोकून बघण्यात घालवलं, तो काय करणार? हात आपोआप जातो.

कासवानं मान आत घेतली. तिथली देखरेख करणारी मुलगी धावत आली, "तात, मुट्टबेडी, मुट्टबेडी." म्हणजे आजोबा, हात लावू नका.

अण्णा सरळ झाले. "हात कुठं लावतोय अम्मा, चीर आहे का बघत होतो." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "नाहीये. पक्का माल आहे."

रेवा हे सगळं बघत होती. घरी आल्यापासून तिनं तेच सुरू केलं. पपई ठोकायची, कान लावायचा, मान डोलवायची. भिंत ठोकायची, मान डोलवायची. मग बापाचं डोकं ठोकलं. कान लावला. पुन्हा ठोकलं, पुन्हा कान लावला.

मान काही डोलवली नाही.

*

मृणालनं चित्रांची कार्डं आणली होती. गाय, घोडा, बदक, ससा, बकरी, सगळं चकचकीत रंगात. तिचं म्हणणं असं की आधी कार्ड दाखवायचं, मग खरा प्राणी दाखवायचा, मग नाव म्हणायचं. "अक्का, कनेक्शन बसतं," म्हणाली. मी म्हटलं सरी, म्हणजे बरं, बसू दे.

होस्कोटेच्या बाजूला एका ठिकाणी बकऱ्यांच्या कुंपणात आत जाता येत होतं. मृणाल आत जाऊन ओणवी बसली, रेवाला पुढ्यात घेतलं आणि कार्डांचा गठ्ठा मांडीवर ठेवला. "रेवा, बघ, ही कोण? ब-क-री. म्हण."

रेवा मागे बघत होती. मृणालला वाटलं लक्ष नाही पोरीचं. "रेवा, इकडे. फोकस."

मागून एक तपकिरी बकरी आली होती. तिनं मृणालच्या काखेतून तोंड घातलं आणि घोडा उचलला. मृणाल ओरडेपर्यंत घोडा गेला, ससा गेला, बदक अर्धं तोंडाबाहेर लोंबत होतं. विनय धावला तर दुसरी बकरी गाय घेऊन पळाली. रेवा पोट धरून हसत होती. तिचं ते हसणं ऐकून मृणालला रागावावं की नाही तेच कळेना.

कार्डं पाहिली तर एकच उरलं होतं. बकरीचं.

अण्णा कुंपणाबाहेरून म्हणाले, "घरच्या माणसाला कोण खातं? झालं का, चला."

*

सरकारी प्राणीसंग्रहालयातही जाऊन आलो. ऊन इतकं की बाटलीतलं पाणी तापलं. वाघाच्या पिंजऱ्यापुढं ही गर्दी, आणि वाघ कोपऱ्यात पाठ करून झोपलेला. लोक शिट्ट्या मारताहेत, टाळ्या वाजवताहेत, तो कान हलवेना.

अण्णांनी घड्याळ बघितलं. दुपारची जेवणानंतरची वेळ. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "मृणाल, हा तुमच्या पुण्याचा का गं?"

मृणाल तिथल्या तिथं म्हणाली, "हो अण्णा. पाटी बाहेर लावायची राहिली असेल."

सासऱ्याला असं उत्तर मी आयुष्यात दिलं नसतं. पण अण्णा गाडीपर्यंत हसत गेले.

*

आता माझी फजिती. ती सांगितली नाही तर मृणाल टाइप करायची थांबेल.

माझं माहेर निपाणीकडचं. गोठ्यात म्हशी होत्या आणि धार काढायची मी. त्यामुळे एका शेतावर "गायीची धार काढण्याचा अनुभव" असं काही तरी होतं आणि ऑफिसातली पोरं-पोरी रांगेत उभी राहून एकेक थेंब काढून टाळ्या वाजवत होती, तेव्हा माझ्यानं राहवेना. म्हटलं, "सरका. ह्याला अनुभव म्हणतात होय? मी दाखवते." पदर खोचला आणि बसले.

एवढ्या वर्षांत हात विसरला असेल असं वाटलं होतं. हात काही विसरला नव्हता. पण तो हात म्हशीचा. म्हशीला जोर लागतो. मी त्याच जोरानं गायीला धरलं. गायीनं वळून माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि पाय झाडला. तांब्या तिकडं गेला, मी इकडं पडले आणि मध्ये विनय व्हिडिओ काढत उभा.

मग मृणाल बसली. हिनं गाय जवळून बघितली ती इथं येऊनच. हळूच आचळ धरलं, आणि चुळ चुळ चुळ, धार लागली की. वर मान वळवून मला म्हणते, "अक्का, स्वल्प हळू धरायचं."

पुण्याची पोरगी मला धार काढायला शिकवते, आणि ती पण अर्धी कन्नडात.

विनयनं तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी निपाणीहून भावाचा फोन. काळजीचा आवाज. "ताई, व्हिडिओ बघितला. बरी आहे ना?"

मी म्हटलं, "बरी आहे रे, कंबर जरा दुखतेय."

म्हणाला, "गाय गं."

*

विनयची पण सांगते, नाहीतर मृणाल म्हणेल मुलाची बाजू घेतली.

रविवार असूनही त्याची कसली तरी मीटिंग निघाली. कानात ते लावून तो तळ्याच्या काठानं फेऱ्या मारत बोलत होता. तळ्यात पांढरे हंस. दिसायला देवाच्या चित्रातले, स्वभावानं भाडेकरूला छळणाऱ्या घरमालकासारखे. त्यांच्या काठावरून कुणी दोनदा गेलेलं त्यांना चालत नसावं. विनय तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्यातला मोठा पाण्यातून बाहेर आला आणि ह्याच्या पँटला धरलं.

विनय पळाला. पळताना फोन हातात, मीटिंग चालू, मागं हंस पंख पसरून भोंगा वाजवल्यासारखा ओरडतोय. साहेबांनी विचारलं म्हणे, "कुणाकडून आवाज येतोय? प्लीज म्यूट करा."

विनय धापा टाकत म्हणाला, "सर, करतोय, पण तो होत नाहीये."

तो फाटकातून बाहेर गेला आणि सरळ गाडीत बसून काचा वर केल्या. अण्णा फाटकापाशीच होते. इतके खूश झाले. मला म्हणाले, "बघितलंस? आज माझ्याआधी पोरगा निघाला. चला."

*

ह्या सगळ्यात रेवाचं बोलणं राहिलंच होतं. आम्ही दर रविवारी जायचो, ती टकामका बघायची, हसायची, गाजर भरवायची, गप्प बसायची. आणि इकडं घरात सगळ्यांचे मनातल्या मनात डाव सुरू.

मला कळलं ते असं. सशांच्या खुराड्यामागं विनय रेवाला घेऊन बसला होता. मी पाणी द्यायला गेले तर हलक्या आवाजात चाललंय, "बा-बा. सोपं आहे. बा. बा." मी म्हटलं, "लाज नाही वाटत? तिकडं बायको दिवसरात्र 'आई' म्हणवून घ्यायला झुरतेय आणि तू इथं चोरून शिकवतोस?"

तो म्हणाला, "मग मागच्या रविवारी बदकांपाशी तू काय करत होतीस?"

मी काय करत होते? त्यात काय एवढं. अक्का हा तसा म्हणायला सोपाच शब्द आहे.

आम्ही दोघांनी अण्णांकडं बघितलं. एवढा एकच माणूस काही शिकवत नव्हता. हात पाठीमागे बांधून ते खुराड्याची जाळी बघत होते. मी विचारलं, "अहो, तुम्हाला नाही का वाटत तिनं तुम्हाला हाक मारावी?"

"मारील तेव्हा मारील," म्हणाले. "मला घरी जायचंय."

*

एक रविवार मात्र हसण्यासारखा नव्हता. इथं मृणाल म्हणतेय, "अक्का, हे नको ना." मी म्हणते, लिही.

एका ठिकाणी मोठा परदेशी पोपट होता, लाल-निळा. पैलवानासारख्या दांडग्या माणसाच्या खांद्यावर बसून तो सगळ्यांना "हॅलो, हॅलो" करत होता. मुलं हसत होती, उलट हॅलो म्हणत होती. रेवाच्या समोर आला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "हॅलो."

रेवानं त्याच्याकडं बघितलं. सगळे थांबले. ती काही बोलली नाही.

शेजारी एक बाई होत्या, आपल्या मुलाला घेऊन आलेल्या. त्या हिंदीत म्हणाल्या, "अजून बोलत नाही का? आमचा तर ह्या वयात गाणी म्हणायचा." वाईट मनानं म्हणाल्या नसतील. पण मृणालचा चेहरा उतरला. पोपटसुद्धा बोलतो, हे तिच्या मनात आलंच असणार. ते आमच्या सगळ्यांच्याच मनात आलं होतं.

अण्णा पुढं झाले. त्यांच्या त्या शिवाजीनगरच्या हिंदीत त्या बाईंना म्हणाले, "बाई, मी भांडी विकली आहेत. कच्चं गिऱ्हाईक पायरी चढता चढता बोलायला लागतं. पक्कं असतं ना, ते आधी सगळं दुकान बघून घेतं. तोंड शेवटी उघडतं." मग रेवाचं बोट धरलं. "झालं का? चला घरी."

त्या दिवशी कुणी कुरकुर केली नाही.

गाडीत मृणाल खिडकीबाहेर बघत होती. बनशंकरीच्या देवळापाशी सिग्नलला थांबलो तेव्हा हळूच म्हणाली, "अक्का, मला फक्त एकदा 'आई' ऐकायचंय. मग परत गप्प बसली तरी चालेल." रेवा माझ्या मांडीवर झोपली होती. मी मृणालच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार? शाळेत नाव घालायचे दिवस जवळ आले होते, आणि तिथं मुलांना नाव विचारतात.

*

आणि हा शेवटचा.

कनकपुरा रस्त्याकडं आत एक छोटं शेत आहे. दोन गायी, वासरं, टर्की कोंबड्या, एक म्हातारं गाढव. आम्ही सकाळपासून तिथंच होतो. अण्णांचं "झालं का" दोनदा होऊन गेलं होतं, कुणी दाद दिली नाही म्हणून ते चपला घालून फाटकाकडं निघाले होते.

मृणालनं नवी कार्डं करून आणली होती, ह्या खेपेला प्लास्टिकमध्ये घालून. वासराच्या कुंपणापाशी ती रेवापुढं उकिडवी बसली आणि सुरू झाली. "रेवा, ही गाय. गा-य. आणि हे वासरू. वा-स-रू." गाय झाली, वासरू झालं, गाढव झालं, टर्की झाली, परत गाय आली. आवाजात रडू यायला लागलं होतं, पण थांबत नव्हती. विनय म्हणाला, "मृणाल, राहू दे आता." ती म्हणाली, "एकदा. फक्त एकदाच. रेवा, म्हण ना गं, गा-य."

रेवानं कार्डाकडं बघितलं. वासराकडं बघितलं. मग दोन्ही हात पाठीमागे नेले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं, पोट जरा पुढं काढलं, आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"आई, झालं का? चला घरी."

विनयच्या हातात फोन होता, पण व्हिडिओ काढायचं त्याला सुचलं नाही. मृणालच्या हातातली कार्डं शेणात पडली आणि तीही तिथंच, कुंपणाला टेकून, खाली बसली. "काय?" म्हणाली. "काय म्हणालीस?"

रेवानं मान तिरकी केली. एखाद्या गिऱ्हाइकाला कमी ऐकू येतं म्हटल्यावर अण्णा जसे जरा मोठ्यानं विचारायचे, तसंच तिनं विचारलं, "आई. झालं का?"

मृणालनं रेवाला जवळ ओढलं. मी पदर तोंडाला लावला. मग सगळ्यांनीच वळून फाटकाकडं बघितलं.

अण्णा फाटकाच्या कडीला हात लावून उभे होते. त्यांनी कडी सोडली. परत आले. चपला काढून बाजूला ठेवल्या, गाढवाजवळच्या दगडी कट्ट्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले,

"घरी कशाला? बसा की स्वल्प."